सिंदफणा उलटी वाहिली त्या सालाची पत्रं

शिरूर कासार
चैत्र वद्य ५, शके १८३५

ती. मामीस राधाकिशनचा शिरसाष्टांग दंडवत.

मामी, पत्राला उशीर झाला. रागावली असशील. पण तुझा राग डाळ शिजेपर्यंतच टिकतो हे मला माहीत आहे, म्हणून धीर करून लिहितो.

बातमी तुला लागलीच असेल. आमच्या शिरुरात भांडं पडलं तर आवाज तुमच्या युसूफ वडगावात जातो. होय, मी कॉलेज सोडलं. परीक्षेच्या तोंडावर सोडलं. आबा माझ्याशी बोलत नाहीत. जेवायला बोलवायचं तर गड्याला सांगतात, “पुण्याच्या सायबाला म्हणावं भाकरी थंड होतीय.”

झालं असं. पुण्यात एका वकिलाच्या ओसरीवर चार माणसं बसली होती, मीही होतो. वकील मला म्हणाले, “तुम्ही मोगलाईतले, निजामाचे. तुमच्याकडं कायदा उलटा, कारभार उलटा. नद्या तरी सरळ वाहतात का हो?” सगळे हसले. दाराआड बांगड्या वाजल्या, तिथंही कुणीतरी हसलं. मी पानाचं तबक लाथेनं उडवलं आणि उठलो. तिसऱ्या दिवशी बीडच्या वाटेला लागलो. रागात माणूस लई लांब चालतो, मामी.

आल्यापासून रोज सिंदफणेवर जातो. अलीकडच्या काठाची ती उंच दरड तू पाहिलीस. वर पिवळी माती, तिच्या पोटात गोल गोट्यांचा थर, चुनखडीनं असा बांधलेला की पहार लावली तर ठिणगी उडते. हा थर आजच्या पाण्यापासून इतका उंच आहे की आबांच्या आठवणीतला सगळ्यात मोठा पूरही तिथं पोचला नाही. मग ते गोटे गोल केले कुणी? गोटा गोल होतो तो वाहत्या पाण्यातच. म्हणजे एके काळी नदी तिथून वाहत होती. त्याच्याही वर, आमच्या माळाच्या विहिरीत, तसलाच आणखी एक थर लागला. मामी, नदी एकेक पायरी खाली उतरत आली, आणि उतरताना आपलं अंथरूण वरच टाकून गेली!

आमचे भूगर्भाचे प्रोफेसर सांगायचे, की फार जुन्या काळी अर्धी पृथ्वी बर्फाखाली होती. त्याला हिमयुग म्हणतात. आपल्याकडच्या प्रुथ्वीवर बर्फ नव्हता, पण पावसाचं तंत्र बिघडलं. कधी नद्या आटल्या, कधी फुगल्या. त्या नद्यांचे हे टप्पे. ते जोडून मी हिमयुगातली सिंदफणा पुन्हा उभी करणार, आणि निबंध पुण्याला धाडणार. मग बघू कोण हसतंय.

या कामात मला सारखी तुमची मांजरा नदीच आठवते. आई गेल्यावर सगळे उन्हाळे आणि सणवार तुझ्या घरी गेले. वाळूतल्या टरबुजांच्या वाड्या, वाळूत खड्डा करून ओंजळीनं प्यायलेलं पाणी, रात्री माळवदावर झोपताना पाठीला लागणारी दिवसभराची ऊब. आणि तो राकसाचा दात! मी आणि तुझ्या वच्छीनं दरडीतून उकरला होता, माझ्या दोन्ही मुठींएवढा. तो हत्तीचा असावा असं आता वाटतं, आजच्या हत्तीहून निराळ्या जातीचा. सापडला तर पाठव.

पत्र वाचून दाखवणाऱ्या त्रिंबक पंतोजींना नमस्कार. त्यांची छडी माझ्या तळव्याला अजून पाठ आहे. त्यांना म्हणावं, जमलं तर मांजरेची दरड बघून दोन ओळी कळवा.

मामाच्या हाताला आराम आहे का? वच्छी अजून चिखलात लोळते काय?

तुझा
राधाकिशन


युसूफ वडगाव
वैशाख शुद्ध ३

चि. किसनास चंद्रभागाबाईचे अनेक आशीर्वाद.

लेकरा, तुजं पत्र आलं. मला अक्षर म्हंजे मुंग्या, म्हणून वाचून घेतलं. दोनदा घेतलं. तबक उडवलंस तिथं तुजे मामा खाटंवर पडल्या पडल्या हसले. अर्धांग झाल्यापून पयल्यांदा इतकं हसले बग. म्हणले, “आमच्या बहिणीचाच हाय बे हा. तीबी अशीच ताट उडवायची.”

पर बाबा, कालेज कावून सोडायचं? हसणारं हसून घरी गेलं. साल कुणाचं बुडालं?

नदीचं मला काय कळलं न्हाई. नदी अंथरूण टाकून गेली म्हणतोस. मग पांघरूण कुटं गेलं? (आता हे लिव्हणारं कावून हसतंय देव जाणे. लिव्ह म्हणलं की लिव्हावं.)

राकसाचा दात घरातच हाय. लिंबाच्या लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठिवलाय. त्याच्यावाणी दाबून बसणारा दगड दुसरा न्हाई. लोणचं मुरलं की सुटंल, तवर हत्तीला म्हणावं दम धर.

तुज्या मामाचा उजवा हात अजून उचलत न्हाई. वच्छी चिखलात लोळत न्हाई, मोठी झाली. अठरावं सरलं. मामाच्या दुखण्यात दोन सालं गेली, न्हाईतर एव्हाना उरकलं असतं. लोक बोलत्यात. पुढच्या पत्रात तुला एक इचारीन. आज अक्षय तृतीया, आज नको.

चंद्रभागाबाई

ता. क. मांजरेच्या दरडीबाबत लिहिले ते समजले. सवडीने पाहून कळविण्यात येईल. छडीची आठवण राहिली हे चांगले. शुद्धलेखनाची राहिलेली दिसत नाही. ‘पृथ्वी’ शब्द दोन प्रकारे लिहिला आहे.


शिरूर कासार
वैशाख वद्य ११

ती. मामीस दंडवत.

पंतोजींना सांग, पृथ्वी दोन प्रकारची असते. एक पुण्याची, एक आपली!

मामी, जे सापडलं ते कुणाला सांगू म्हणून तुलाच सांगतो. त्या दरडीत चपटे गोटे आहेत ना, भाकरीसारखे, ते सपाट पडलेले नाहीत. एकावर एक रेलून तिरपे बसलेत, थरभर सगळे एकाच बाजूला. ऊन डोक्यावर येईपर्यंत त्यांच्यापुढं बसलो आणि एकदम डोक्यात उजेड पडला. सगळ्यांचा उतार पश्चिमेकडं आहे! पाणी उताराकडं धावतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणजे हिमयुगातली सिंदफणा पूर्वेला जात नव्हती. ती पश्चिमेला, नगरच्या अंगाला वाहत होती. मधे केव्हातरी जमीन कलली आणि नदीनं तोंड फिरवलं.

एवढा मोठा शोध, आणि तो मोगलाईत! वकिलानं विचारलं होतं, नद्या तरी सरळ वाहतात का? नाही वाहत, वकीलसाहेब. वाटलं तर उलट्या वाहतात, आमची मर्जी.

निबंध लिहून काढला. उद्याच्या टपालानं प्रोफेसरांकडं जातो. आबा म्हणाले, दोन दिवस थांब, पुन्हा वाच. मी कशाला थांबतोय?

आता एक सांगतो, पण ते पंतोजींनी पोटात ठेवावं. दाराआड ज्या बांगड्या वाजल्या त्या वकिलाच्या मुलीच्या. मी तिथं रोज जायचो तो वकिलाचं तोंड बघायला नव्हे. तिनं माझ्याशी दोनदाच बोलणं केलं. एकदा म्हणाली, “वडील घरी नाहीत.” एकदा म्हणाली, “छत्री राहिली तुमची.” पण मामी, ती खिडकीशी बसून पुस्तक वाचायची, आणि वाचता वाचता ओठ हलायचे. ते ओठ डोळ्यांपुढून जात नाहीत. जेवण जात नाही. तिचं लग्न सोलापुरात ठरलं म्हणे. तरी मला वाटतं, माझा निबंध छापून आला, तिनं वाचला, तर हसल्याचा तिला पस्तावा होईल. तेवढं झालं तरी पुरे.

दात पाठव. लोणच्यावर दुसरं काहीतरी ठेव.

राधाकिशन


युसूफ वडगाव
ज्येष्ठ शुद्ध ७

चि. किसनास अनेक आशीर्वाद.

तुजं पत्र ऐकलं. नदी तोंड फिरवती, म्हणतोस. फिरवू दे. जमीन कलली ते बरं नव्हं, पर माज्या चुलीवरचा तवा तर सरळ हाय अजून.

शेवटाला काय लिव्हलंस ते नीट कळलं न्हाई. लिव्हणारं म्हणलं, छत्री हरवलीय पुण्यात. छत्रीसाठी जेवण सोडायचं असतं व्हय? इथं ये, मामाची देते.

आता माजं ऐक. मामाच्या पोरीवर पयला हक भाच्याचा, हे काय मी सांगायला पायजे? तुजी आय जाताना मी तिच्या हातावर हात ठिवलाय. पर तू आता शिकला-सवरला. मी जबरी करनार न्हाई. अंबाजोगाईचं एक स्थळ आलंय. वीस एकर जमीन, विहीर, मानसं चांगली. त्यास्नी मी सांगितलं, माज्या भाच्याचा जबाब येऊ द्या. ते तुळशीच्या लग्नापतुर थांबत्यात, फुडं न्हाई. तवर तू हो म्हण नायतर न्हाई म्हण, पर एकच कायतरी म्हण. पोरीला मी काय इचारलं न्हाई. इचारलं तर उठून भांडी घासायला जाती.

चंद्रभागाबाई

ता. क. मांजरेची दरड पाहण्यात आली. गोट्यांचा थर येथेही आहे, हल्लीच्या पात्राहून बराच उंच. चपटे गोटे येथेही रेलून बसलेले असून उतार पश्चिमेकडेच आहे. दरडीत हात घालताना कोपर खरचटले, ते शास्त्राच्या खाती मांडावे. नदी चालू झाल्यावर पात्रातले गोटेही पाहावे असे मनात आहे. आपण सिंदफणेच्या पात्रातले पाहिले असतीलच.


शिरूर कासार
ज्येष्ठ वद्य २

ती. मामीस दंडवत.

पंतोजी, तुमच्या कोपराला माझा साष्टांग! मांजराही पश्चिमेला! म्हणजे एक नदी नव्हे, सगळा मुलूखच कललेला होता. हे तातडीनं प्रोफेसरांना कळवलं. पात्रातले गोटे कशाला बघायचे? ती आजची नदी. ती कुठं जाते हे म्हशीलाही माहीत आहे.

मामी, आता तुझ्या विचारण्याचं. रागावू नकोस.

मला हे जमायचं नाही. वच्छी चांगलीच असेल. पण माझ्या डोळ्यांपुढं ती फाटका परकर खोचून नदीत बेडूक धरणारीच आहे. मला जन्म काढायचाय तो असल्या माणसाबरोबर, की ज्याला मी काय बोलतो ते कळेल. जिला माझ्या पत्रातली एक ओळ वाचता यायची नाही, तिला मी काय सांगू? मी हिमयुगाचं बोलीन आणि ती म्हशीकडं बघेल. मी नद्या उभ्या करीन, ती गोवऱ्या थापील. मामी, हा जुना रिवाज म्हणजे न विचारता गळ्यात बांधलेली घागर आहे. अंबाजोगाईवाल्यांना हो म्हणून टाक. माझा जबाब ‘नाही’ असा आहे, आणि तो तुळशीच्या लग्नापर्यंत काय, सूर्यचंद्र असेपर्यंत हाच राहील.

लिहून टाकलं, आता बरं वाटतंय.

राधाकिशन


युसूफ वडगाव
श्रावण शुद्ध ५

चि. किसनास अनेक आशीर्वाद.

जबाबाला वेळ लागला. पेरण्या झाल्या, मदीच मामाला ताप येऊन गेला, आणि लिव्हणाराचंबी डोकं दुखत होतं म्हणून दौत काढाया कुणी तयार न्हवतं.

तुजं पत्र ऐकलं. निस्तं नदीचंच हाय. मी म्हणलं, म्होरं वाच, माज्या इचारल्याचं काय? तर म्हणं, त्याचं काय लिव्हलं न्हाई. किसन, हे बरं न्हव. नदी तुजी हाय, कबूल, पर माजी पोर घरात हाय. अंबाजोगाईवाल्यांचा मानूस दोनदा येऊन गेला. मी कुटवर सांगू, टपाल गेलतं, टपाल यायचंय?

आज नागपंचमी. झाडाला झोका बांधलाय. लहानपनी तू ह्याच दिशी झोक्यावरून पडून दात पाडून घेतलतास, आठवतं? वच्छीनं तो दातबी राकसाच्या दाताशेजारी ठिवलता. म्हणायची, बारका राकस.

चंद्रभागाबाई

ता. क. मांजरेला पाणी आले. गुडघाभर उतरल्यावर पात्रातले गोटे पाहण्यात आले. चपटे गोटे येथेही रेलून बसले आहेत, आणि उतार पश्चिमेकडेच आहे. पाणी मात्र डोळ्यांदेखत पूर्वेला जात होते. खात्रीसाठी कडब्याची पेंढी टाकून पाहिली. तीही पूर्वेला गेली, वाटेत धोब्याच्या धुण्याला अडकली, बोलणी खावी लागली. तेव्हा एक तर आजची मांजरा चुकीच्या दिशेने वाहत आहे, नाही तर उतारावरून दिशा काढण्यात काही चुकते आहे. नदीला समजावणे येथून शक्य नाही. दुसरे आपण पाहावे.


शिरूर कासार
श्रावण वद्य १, सकाळ

ती. मामीस दंडवत.

पंतोजींना सांग, की मी पुण्यात शिकलोय. कडब्याची पेंढी टाकून हिमयुग कळत नसतं. माझा निबंध गेलाय. माझ्या नावानं गेलाय. मास्तरांनी बाराखडी शिकवावी, नद्यांच्या भानगडीत पडू नये.

आणि मी जबाब दिला नाही, हे काय म्हणायचं? मी चांगला पानभर जबाब दिला होता! पंतोजी, तुम्ही तो गिळलात कावून? तुम्हाला काय अधिकार?

त्याच दिवशी, सांज

मामी, वरचं फाडून टाकणार होतो. राहू दे, माझ्या लायकीचा मासला आहे.

रागारागात नदीवर गेलो. काल पूर येऊन गेला, आज पाणी ओसरतंय. चप्पल हातात घेऊन पात्रात उतरलो. खरं सांगतो, परत आल्यापासून पहिल्यांदा उतरलो. इतके महिने दरडीकडं तोंड करून बसायचो ते नदीकडं पाठ करूनच. आज खाली वाकून हात घातला. गोटे रेललेले. उतार पश्चिमेकडं. पाणी पूर्वेकडं.

मग तिथंच एक चपटा दगड उभा धरला आणि सोडला. पाण्यानं त्याला ढकललं, तो पुढच्या दगडावर टेकला आणि बसला. त्याच्यामागं दुसरा सोडला, तो पहिल्यावर टेकला. मामी, दगडाचा उतार जिकडून पाणी येतं तिकडं राहतो, आणि डोकं टेकतं जिकडं पाणी जातं तिकडं. हे मी कधी बघितलंच नाही! पुण्याचे प्रोफेसर एकदा म्हणाले होते, “कौलांसारखे असतात हो,” आणि वर्ग हसत पुढं गेला. आपल्याकडं कौलं कुठाहेत? सगळी सपाट माळवदं. मला विचारायची लाज वाटली.

सिंदफणा तेव्हाही पूर्वेलाच वाहत होती. सरळ. वकिलाला सांगायला पाहिजे की मोगलाईतल्या नद्या हिमयुगापासून सरळ आहेत, उलटा आहे तो फक्त मी.

अंधार पडेपर्यंत पाण्यात बसून राहिलो. आम्ही लहानपणी मांजरेत असेच दगड लावायचो, वच्छी आणि मी, पाण्याला बांध म्हणून. ती म्हणायची, “असा न्हाई रं, म्होरल्या दगडावर रेलून ठिव, म्हंजी ढकललं तरी बसतंय.” ते मला आज आठवलं. एवढं शिकून आज आठवलं.

पंतोजींची माफी मागतो. भाद्रपदात लिंबागणेशाला जाणार आहे, चतुर्थीला. तिथून तुमच्याकडं यायची हिंमत होईल असं वाटत नाही.

राधाकिशन


लिंबागणेश
भाद्रपद शुद्ध ६

हे पत्र मामीच्या नावानं येतंय, पण मामीला वाचून दाखवू नकोस. जी वाचतेय तिलाच आहे.

परवा देवळाच्या पायरीवर त्रिंबक पंतोजी भेटले. मी जाऊन पाया पडलो आणि म्हणालो, “कोपर बरं आहे का?” त्यांना कळेना. मी म्हणालो, “मांजरेची दरड… पेंढी… धोबी…” ते माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मला ऊन लागलंय. मग म्हणाले, “अरे बाबा, मी वडगाव सोडून दोन सालं झाली. इथं लेकाकडं असतो. डोळ्यांत मोतीबिंदू, मी कुठला पत्रं लिहितोय?”

“मग मामाच्या घरी लिहितं कोण?”

पंतोजी हसले. म्हणाले, “तुला मी ओसरीवर शिकवायचो, तेव्हा खांबाआड कोण बसायचं, आठवतं? तू छडी खायचास आणि उत्तर खांबाआडून यायचं. तू गेल्यावर मग तिलाच पुढं घेतलं. माझ्या हाताखालून एवढं शुद्ध लिहिणारं दुसरं कुणी गेलं नाही. तू तर नाहीच.”

मी तिथंच पायरीवर बसलो. मोदकाचा द्रोण हातातून सांडला, शेळीनं खाल्ला, मला कळलं नाही.

वच्छला, मी जे लिहिलं ते तू वाचलंस. पुण्याचं वाचलंस. घागरीचं वाचलंस. म्हशीचं आणि गोवऱ्यांचं वाचलंस. ‘एक ओळ वाचता यायची नाही’ ही ओळही तूच वाचलीस, आणि मग उठून मांजरेत गुडघाभर पाण्यात जाऊन माझे गोटे बघून आलीस. वरनं माझं शुद्धलेखन सुधारलंस.

पुण्याच्या तिची एक गोष्ट सांगतो आणि तो विषय संपवतो. ती वाचताना ओठ हलवायची म्हणून मी वेडा झालो होतो. आज इथं बसून आठवू गेलो तर ती खिडकी नीट येत नाही. येतो तो ओसरीचा खांब, आणि खांबाआडून पुटपुटलेलं उत्तर. मला वाटतं मी पुण्यात तोच आवाज शोधत होतो. उगाच चांगलं दिसावं म्हणून लिहीत नाही, खरंच असं वाटतं. तुला पटलं नाही तर नको पटू दे.

प्रोफेसरांचं उत्तर इथं यायच्या आदल्या दिवशी आलं. लिहितात, दिशा सपशेल चुकली, पण टप्प्यांची मोजणी उत्तम आहे, आणि ही चूक त्यांनीही एकदा केली होती. पुढच्या जूनला परत ये, म्हणतात. जावं असं मनात आहे.

पण त्याआधी एक विचारतो, मग तू काय म्हणशील ते. माझा ‘नाही’ तू मामीला वाचून का दाखवला नाहीस? एका शब्दानं तू मोकळी झाली असतीस. अंबाजोगाईचं स्थळ चांगलं होतं. मी तर वाटच दाखवली होती. कावून?

राधाकिशन


युसूफ वडगाव
भाद्रपद वद्य ९

राधाकिशन यांस,

पत्र पोचलं. आईला सांगितलं, लिंबागणेशाचा अंगारा आलाय. ती म्हणाली, कुठाय? मग चुलीतली चिमूटभर राख कागदात बांधून दिली. तुमच्यापायी देवाच्या नावानं खोटं बोलले, ते तुमच्या खाती मांडा.

कावून वाचलं नाही, असं विचारता. पहिलं म्हणजे, मला लाज वाटली. माझी नव्हे, तुमची. आई तुमचं पत्र आलं की हात धुऊन, पदर सारखा करून बसते. बाबांना उठवून पाठीला उशी देते. त्यांच्यासमोर ते मोठ्यानं वाचायचं? मी ‘म्हशीलाही माहीत आहे’ इथपर्यंत वाचलं, पुढचं डोळ्यांना दिसलं आणि माझ्या तोंडून आपोआप नदी सुरू झाली. पानभर नदी सांगितली मी मनानं. आई म्हणाली, “आज लईच नदी हाय.”

राग आला होता. नाही कसा येईल? डोकं दुखत होतं ते खरं होतं. अंबाजोगाईला हो म्हणावं असं चार दिवस मनात होतं. त्या चार दिवसांत मी तुमची सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली, कुठंतरी तुमचा आणखी राग यावा म्हणून. तसं झालं नाही. मग पाणी आलं आणि मी मांजरेत उतरले. तुमच्यासाठी नव्हे. मला बघायचंच होतं.

तिथं जे दिसलं ते तुम्हाला कळवलं. एक कळवलं नव्हतं, ते आता लिहिते. दगडाचा उतार बघितला तर वाटतं तो मागं चाललाय. पण तो टेकलेला असतो पुढं. तुमचं तसंच दिसलं. बोलण्याचा सगळा उतार पुण्याकडं. वकील, खिडकी, छत्री, पस्तावा. पण चैत्रापासून एकेक पत्र टेकलं ते इथं. पुण्याला तुम्ही एक निबंध धाडला. इथं मात्र गोटा दिसला तरी पत्र, राग आला तरी पत्र, ‘नाही’ म्हणायचं तरी पानभर पत्र. ज्याला खरंच जायचं असतं तो इतकं लिहीत नाही. म्हणून ‘नाही’ वाचला नाही. म्हटलं, पाणी ओसरू दे, मग दिसेल दगड कुठं बसलाय ते.

माझं चुकलंही असेल. तुम्ही एवढं शिकून नदी उलटी वाहवली, मी तर खांबाआडून शिकलेली.

जूनला कॉलेजला जा. जायलाच पाहिजे. मला टप्प्यांची मोजणी कशी करतात ते कळलेलं नाही, तेवढं शिकून या. मांजरेला मला तीन पायऱ्या दिसतात, तुम्ही सिंदफणेला दोनच म्हणता. कुणाचं तरी चुकतंय.

आता मुख्य. तुमचं ते ज्येष्ठातलं पत्र मी फाडलं नाही. लोणच्याच्या बरणीवर फडक्याखाली ठेवलंय, वर राकसाचा दात. आई रोज तिथून लोणचं काढते, दात उचलते, पत्र बाजूला सारते, परत ठेवते. तिला वाटतं लोणच्याची तारीख लिहिलीय.

तुळशीच्या लग्नाला वेळ आहे. त्याआधी या. पत्र पाठवू नका, स्वतः या. आईला हात धुऊन बसू द्या, बाबांना उशी देऊ द्या, आणि ते पत्र त्या दोघांसमोर तुमच्या तोंडानं वाचून दाखवा. सगळं. घागर, गोवऱ्या, म्हशीसकट. त्यानंतर आई तुम्हाला काय म्हणते ते म्हणू द्या. अंबाजोगाईवाल्यांना काय सांगायचं ते तिनं ठरवायचं, आणि ती मला विचारील तेव्हा मी भांडी घासायला उठणार नाही.

नदीला अजून पाणी आहे. पेंढी टाकली तर पूर्वेलाच जाते. काल बघितली.

वच्छला

ता. क. या पत्रात ‘पृथ्वी’ कुठंच आलेली नाही, म्हणून चूक सापडायची नाही. शोधू नका.